आत्याचं ओव्याचं फूल

घराच्या मागच्या बाजूला, पूर्वी जिथे कपडे धुवायचा दगड होता, त्या खोलीत आत्याची प्रयोगशाळा आहे. खोली कसली, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने दारातूनच बोलावं एवढीशी जागा. एका भिंतीला ओटा, ओट्यावर विजेची शेगडी, खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा आणि फळीवर ओळीने काचेचं सामान. इतरांच्या घरी अशा खोलीत मोडकी छत्री, रंगाचे वाळलेले डबे आणि कुणीच चालवत नाही अशी सायकल असते. या घरात बीकर आहेत. ज्याला विचित्र वाटायचं त्याला वाटो.

आत्या नक्की कुणाची आत्या, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. गल्लीतला दूधवालाही तिला आत्याच म्हणतो. ती राहते भाऊ आणि भावजयीबरोबर. भाऊ शिंपी, आता दुकान बंद केलेला, पण कात्री अजून हातातून सुटलेली नाही. भावजय एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स होती. आत्याने लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच, तर "राहून गेलं" एवढं सांगून ती पुढच्या कामाला लागते. चेहरा पाडून बसणं तिला जमत नाही.

राहून गेलेल्या गोष्टींत आणखी एक होती, आणि ती मात्र तिला डाचायची. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा. प्रत्येकीला एकेक मळकट पदार्थ दिलेला. तो शुद्ध करायचा, त्याचे स्फटिक काढायचे, ते कितीला वितळतात ते सांगायचं आणि घरी जायचं. आत्याच्या वाट्याला आलं तपकिरी, उग्र वासाचं तेल. त्यातून ओव्याचं फूल काढायचं होतं. दातदुखीवर लोक लावतात ना, तेच. तिने सगळं नीट केलं. बीकर बर्फात ठेवला, आता स्फटिक यायचे तेवढे बाकी होते, आणि दारात शिपाई आला. घरून निरोप होता. वडील शिलाईच्या मशीनवरच कोसळले होते. आत्याने ॲप्रन काढून खुंटीला लावला आणि ती निघाली. तिच्या बाकावरची जोडीदारीण तिच्या तोंडाकडे बघत राहिली. पुढे ही बाकवाली प्राध्यापक झाली. तिनेच नंतर येऊन सांगितलं होतं, "तू जिना उतरलीस आणि तुझा बीकर गोठला गं. काय सुंदर स्फटिक आले होते!"

हे सांगायची काही गरज होती का? नव्हती. पण बाकवाली तशीच आहे, खरं असेल ते बोलून मोकळी होणारी.

पुढच्या वर्षी बसू परीक्षेला, असं ठरलं. पुढचं वर्ष टेलिफोन खात्यात गेलं. वडील अंथरुणात, भाऊ शिकाऊ शिंपी. घरात एकीने तरी नोकरी करायलाच हवी होती. मग दर वर्षी पुढचं वर्ष. कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून देता देता ती विभागाची प्रमुख झाली, निवृत्त झाली. भावाने मात्र तिचं नाव तेव्हाच पाडून ठेवलं होतं : अर्धी पदवी. "अर्धी पदवी, चहा ठेवतेस का?" "अर्धी पदवी, कुलूप लावलंस का?" वाईट हेतू नव्हता हो. भावांना असल्या गोष्टी विनोदी वाटतात. आणि ऐकणाराही दर वेळी हसून घेतो, हा खरा घोळ.

निवृत्तीनंतर बाकीच्या बायका सहलीला गेल्या. आत्याने काचसामान आणलं.

"विकत मिळतं ते," दादा म्हणाला. "कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात पुडीत मिळतं ओव्याचं फूल. घरी करायचं कशाला?"

"तयार शर्टही विकत मिळतात, दादा. मग तू जन्मभर काय करत होतास?"

दादाने सुईत दोरा ओवायला घेतला.

वहिनींचा आक्षेप वेगळा होता. त्यांनी अटी घातल्या. खाण्याच्या फ्रीजमध्ये काचेचं काही ठेवायचं नाही. ॲसिडला हात लावताना हातमोजे, डोळ्यांवर झाकण. खोलीतून स्वयंपाकघरात येताना हात कोपरापर्यंत धुवायचे. "आणि वन्सं, कोपरापर्यंत म्हणजे कोपरापर्यंत. मनगटापाशी थांबणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिलेत." आत्याने सगळ्या अटी मान्य केल्या. वाजवी होत्या.

तर आत्या ओव्याचं तेल आणून त्यातून फूल काढायला शिकली. पहिल्यांदा नुसता चिकट गोळा. मग मऊ खडे. मग हळूहळू बरे स्फटिक. पण वितळवायला घेतले की लवकरच पाघळू लागायचे आणि रेंगाळत रेंगाळत वितळायचे. इथेच तर सगळं कळतं. शुद्ध पदार्थाचा वितळायचा आकडा ठरलेला असतो. तिथे पोचेपर्यंत तो हलत नाही, आणि पोचला की झटक्यात पाणी होतो. भेसळीचा पदार्थ आधीपासून घाम गाळायला लागतो. आत्याचा माल घाम गाळत होता. "दिसतो तर पांढरा," असं ती स्वतःशी म्हणायची, जाड चष्मा पुसायची आणि वाफाळत्या बशीवर पुन्हा वाकायची.

मग डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. मोतीबिंदू, दोन्ही डोळे. काही आठवडे वाकायचं नाही, वाफेजवळ जायचं नाही. वहिनी घरात असताना डॉक्टरांचा शब्द मोडायची कुणाची छाती आहे! आत्या पुढच्या खोलीत रेडिओ ऐकत बसली. जाड चष्म्याची गरज संपली, तो डबीत बंद झाला. शेवटी परवानगी मिळाली, तशी ती तडक मागच्या खोलीत गेली, आपल्या स्फटिकांची बाटली तिने उजेडात धरली, आणि दारातून ओरडली,

"दादा! हे पिवळं आहे!"

"मग?"

"मग काय मग! इतकी वर्षं मी याला पांढरं म्हणत होते. चक्क पिवळं आहे रे, जुन्या बनियनसारखं!"

"मला वाटलं तुला माहीत आहे," दादा म्हणाला.

दुसरी कुणी असती तर खट्टू झाली असती. आत्याला चेव चढला. इतके दिवस गडबड कुठे होतेय तेच दिसत नव्हतं, आता दिसायला लागलं होतं. तिने बाटलीतला सगळा पिवळा माल, एक कण न ठेवता, नव्या तेलात ओतला. करायचं तर सगळंच पहिल्यापासून. आणि त्याच भरात बाकवालीला फोन लावला.

"रविवारी संध्याकाळी ये. येताना तुझ्याकडची शुद्ध ओव्याच्या फुलाची बाटली आण. तुझं आणि माझं शेजारी शेजारी वितळवू."

"आणि नाही जमलं तर?" बाकवालीने विचारलं. विचारणारच ती.

"तर सगळी काच मुलींच्या शाळेला देऊन टाकीन. त्यांना तरी उपयोग होईल. आणखी एक अर्धवट काम घरात ठेवायला माझ्याकडे जागा नाही."

फोन ठेवला तेव्हा दादा आणि वहिनी दोघंही ऐकत होते. म्हणजे आता शब्द फिरवता येणार नव्हता. फिरवायचा नव्हताच.

या वेळी तिने कुठेच घाई केली नाही. तेल कॉस्टिक सोड्याच्या पातळ पाण्यात घालून हलवलं. गंमत अशी की ओव्याचं फूल त्या पाण्यात विरघळतं आणि तेलातला बाकीचा गाळसाळ वर तरंगत राहतो. खाली तोटी असलेल्या काचेच्या नरसाळ्यातून तिने खालचं पाणी काढून घेतलं, वरचं तेल टाकून दिलं. मागे ती इथेच चुकत होती. दोन थरांमधली रेघ तिला नीट दिसत नव्हती आणि थोडं वरचं तेल दर वेळी खाली यायचं. आता रेघ लख्ख दिसत होती. मग थेंब थेंब ॲसिड, लिटमस लाल होईपर्यंत. पाणी दुधासारखं गढुळलं आणि वर तेलाचे टपोरे मणी जमले. ते धुतले, पुन्हा धुतले, उरलेलं पाणी टिपून घेतलं. बीकरमध्ये उरलं ते तेल पाण्यासारखं नितळ होतं. तिने बीकर बर्फाच्या बादलीत ठेवला आणि स्टुलावर बसली.

तेल थंड झालं. आणखी थंड झालं. बर्फासारखं गार झालं, पण गोठेना.

आत्याने काचकांडीने ढवळलं. बीकरच्या आतून कांडी घासली. कधीही हमखास लागू पडणारा उपाय. काही नाही. बर्फ बदलला. काही नाही. संध्याकाळ झाली तरी तेल आपलं नितळ, शांत, मख्ख.

"असं कसं होईल?" तिने कांडीचं टोक बोटाने चाचपलं. गुळगुळीत. तिची कांडी तर टोकाला टवका उडालेली होती. तिने बीकर उजेडात फिरवला. एक चरा नाही. तिच्या बीकरला तर आत जाळी पडली होती घासून घासून. मग ती ओट्याकडे, फळीकडे, खिडकीच्या चौकटीकडे बघत राहिली. नव्या डोळ्यांना सगळं चकचकीतच दिसतंय असं तिला सकाळपासून वाटत होतं. पण ते डोळ्यांचं काम नव्हतं.

"वहिनी!"

वहिनी आल्या. हात पुसत आल्या.

"ही खोली कुणी धुतली?"

"मी," वहिनी म्हणाल्या, आणि सांगताना त्यांचा चेहरा फुलला. "तुम्ही पुढच्या खोलीत होतात तेव्हा. कधी लक्षात येतंय तुमच्या, हेच बघत होते. थिएटर लावायचे तशी लावली. उकळतं पाणी, सोडा, फळ्यासुद्धा खाली काढून. ॲप्रन उकळून काढला. तो ओरखडलेला बीकर नि टवका उडालेली कांडी, हात कापला असता तुमचा एखाद्या दिवशी, फेकून दिली. नवीन आणली. चांगल्या दुकानातून."

आत्या स्टुलावर बसली. मग म्हणाली, "वहिनी, स्फटिकाला सुरुवात करायला काहीतरी लागतं. एखादा चरा, नाहीतर आधीच्या स्फटिकाचा कण, धुळीएवढा. या खोलीत असे कण जिथे तिथे होते. त्यांच्यामुळे माझं काम होत होतं. तुम्ही एकही ठेवला नाहीत."

"घाण होती ती, वन्सं!"

"थिएटरमध्ये काही वाढू नये म्हणून धुतात. मला इथे वाढवायचंच होतं हो!"

वहिनींचं तोंड एवढंसं झालं. "कौतुक राहिलं बाजूला," असं पुटपुटत त्या गेल्या, आणि स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटली. आत्यालाही आपण चढ्या आवाजात बोललो याचं वाईट वाटलं, पण ते सांगायला ती लगेच उठली नाही. बीकर हलवत बसली.

जेवताना दादाने तोडगा काढला. "साधी गोष्ट आहे. औषधवाल्याकडून पुडी आणतो. त्यातला एक कण टाक."

"नको."

"नाहीतर तुझ्या बाकवालीला सांग, बाटली घेऊन जरा लवकर ये म्हणून."

"शेजारणीच्या पेपरात बघून लिहू? तिच्या कणावर माझे स्फटिक येणार आणि मी मिरवणार? नको म्हटलं ना दादा."

"काय तो ताठा!" दादा म्हणाला. "कण तो कण. तो काय नाव लिहून येतो?"

"माझा असेल तर मला कळतो."

असल्या हट्टाला काही अर्थ आहे का, असं कुणी विचारेल. नाही. पण ज्याचं काम आहे त्याला ते कसं पुरं करायचं हे ठरवू द्यावं. दादासुद्धा कोट शिवताना दुसऱ्याची काजं वापरत नव्हता, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणून त्याने विषय वाढवला नाही.

शनिवारी सकाळी वहिनी मागच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. हातात चष्म्याची डबी होती.

"हे घ्या. माझ्या कपाटात ठेवली होती. कपड्यांना तुमच्या त्या ओव्याचा वास लागलाय सगळ्या." मग जरा थांबून, भिंतीकडे बघत, "आत मखमल आहे म्हणून धुतली नव्हती. नाहीतर धुतलीच असती."

आत्याने डबी हातात घेतली. नाकाशी नेली. वास असा भपकन आला की तिचे डोळे मोठे झाले. वाफेवर वाकून वाकून काम केलं की चष्म्यावर धुकं यायचं. ती तसाच काढून डबीत टाकायची, कितीतरी वर्षं. तिने डबी उघडली, पण श्वास रोखून, एखादं पाखरू असावं आत तशी. काचा स्वच्छ होत्या. पण नाकावर टेकतात त्या दोन गोट्यांच्या मागे, जिथे पुसायचं फडकं कधी पोचत नाही, तिथे काहीतरी लुकलुकत होतं. बारीक, मिठाच्या चुऱ्याहून बारीक.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "आत या. दार लावा. वारा नको."

दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या. आत्याने सुईचं टोक त्या लुकलुकीला लावलं. दादाच्या डब्यातली सुई, वहिनींनी कालच उकळलेली. मग ते टोक बीकरमधल्या तेलाला टेकवलं. नुसतं टेकवलं.

टोकापाशी एक पांढरा ठिपका आला. ठिपक्याला पाती फुटली. पातीला पाती. बघता बघता काचेच्या कडेपर्यंत सपाट, चमकदार पानं पसरत गेली, एकमेकांना छेदत, तळाकडे उतरत, आणि जिथे एवढा वेळ नुसतं नितळ तेल होतं तिथे सगळा बीकर गच्च भरून गेला. शुभ्र. यात आता कुणाला शंका घेता आली नसती.

वहिनींनी न विचारता बीकर हातात घेतला आणि दचकल्या. "अहो, हा गरम झालाय! बर्फात होता ना? याला ताप कसा आला?"

"येतो. गोठताना आतली ऊब बाहेर टाकतो."

"ताप उतरला की सांगते," म्हणत वहिनींनी बीकर दोन्ही हातांत तसाच धरून ठेवला. किती तरी वेळ. मग आत्या म्हणाली, "काल मी जरा जास्तच बोलले." वहिनी म्हणाल्या, "बोललात." झालं. एवढ्यात मिटलं.

स्फटिक गार पाण्याने धुवून टीपकागदात दाबून वाळवले. रविवारी संध्याकाळी बाकवाली आली. काठी टेकत, पण तोंड पूर्वीसारखंच चालू. चहाला नाही म्हणाली. "आधी काम. चहा प्यायला काय, रोज पिते." तिने आत्याच्या स्फटिकांचा वास घेतला नाही, रंगाचं कौतुक केलं नाही. केसासारख्या बारीक तीन काचनळ्या काढल्या. एकीत आत्याचं फूल, दुसरीत स्वतःच्या बाटलीतलं. तिसरीत दोन्ही समसमान, कुटून एकत्र केलेलं.

"तिसरी कशाला?" दारातून दादाने विचारलं. आत जागा नव्हती.

"तीच तर खरी," बाकवाली म्हणाली. "हिचा माल वेगळा असेल किंवा भेसळीचा असेल, तर माझ्या मालाला बिघडवेल. मिश्रण दोघांच्या आधी वितळेल. एकटी असताना कुणीही शहाणं दिसतं हो. दुसऱ्याबरोबर ठेवलं की कळतं."

"लग्नाचं सांगताय का?" दादा म्हणाला. वहिनींनी त्याला कोपराने ढोसलं.

तिन्ही नळ्या तापमापकाला रबराने बांधल्या, पाण्यात सोडल्या आणि शेगडी मंद केली. पारा चढू लागला. पंखा घरघरत होता. चाळिशी ओलांडली, नळ्या जशाच्या तशा. आत्याची मूठ ओट्याच्या कडेवर आवळली गेली होती. पूर्वी इथेच तिचा माल घाम गाळायला लागायचा. पंचेचाळीस गेलं. काही नाही. पारा पन्नासला भिडला, आणि तिन्ही नळ्या, जणू कुणीतरी एकच हुकूम सोडला असावा तशा, एकदम नितळ झाल्या.

बाकवालीने वाकून तिन्ही नळ्या नीट पाहिल्या. मग पाठ सरळ करून म्हणाली, "तिसरी कोणती होती, तेही आता मला सांगता यायचं नाही."

"मधली," आत्या म्हणाली.

"ठाऊक आहे मला, मधली! मी काय बोलते ते कळतंय का तुला?" बाकवालीने चष्मा काढून पदराला पुसला. "त्या दिवशीही असेच आले होते तुझे स्फटिक. आज तू समोर होतीस, एवढाच फरक. बरं, तेल किती घेतलं होतंस आणि हाती किती आलं?"

आत्याने सांगितलं.

"अगं, निम्मं नरसाळ्यात सांडलंस की काय! मार्क कापणार मी."

"काप," आत्या म्हणाली. "काप आणि पास कर."

मग मात्र ती हसली. टेलिफोनवर जसं हसायला कधी परवानगी नव्हती, तसं मोठ्याने, डोकं मागे टाकून. वहिनी हसल्या, बाकवालीने काठी आपटली. दादा दारातून निघून गेला. त्याला असल्या वेळी काय करायचं हे कळत नाही. जरा वेळाने स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला.

"पदवी! चहा झालाय, तुझ्या मैत्रिणीला घेऊन ये."

आत्या थबकली. तिने आपण नीट ऐकलं का अशा नजरेने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान हलवली : ऐकलंत ते बरोबर आहे. "अर्धी" कुठे गेली हे कुणी विचारलं नाही. गेली ती परत आली नाही.

काच कुठल्याच शाळेत गेली नाही. चष्म्याची डबी आता मागच्या खोलीच्या फळीवर असते, बीकरच्या रांगेत पहिली. तिच्यावर चिकटपट्टीचा तुकडा आहे आणि त्यावर इस्पितळातल्या ठसठशीत अक्षरात दोन शब्द : धुऊ नये. अक्षर वहिनींचं आहे. पाहुणे आले की त्याच त्यांना मागच्या खोलीत नेतात, डबी दाखवतात आणि आधी हात धुवायला लावतात. कोपरापर्यंत.